मदत नाय, संगत : मैत्रीचा अभ्यास कसा करायचा?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात मी एक चूक केली होती. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर ती तुमच्याकडूनही होण्याची दाट शक्यता आहे, म्हणून आधी तीच सांगते.

माझा विषय रायगडच्या किनाऱ्यावर हाताने कालवं आणि शिवल्या गोळा करणाऱ्या बायकांचा. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत गेला असाल, तर पाणी किती दूर हटतं ते तुम्ही पाहिलंच असेल. उघड्या पडलेल्या अशाच खडकांवर आणि खाड्यांच्या चिखलात या बायकांचं काम चालतं. ना होडी, ना जाळं. एक टोकदार लोखंडी हत्यार, एक भांडं, एक टोपली आणि हातात जेमतेम तीन-चार तास.

माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता : ‘या कामात तुम्हाला कोणाची मदत होते का?’ जवळजवळ सगळ्यांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं. मी शास्त्र शाखेची, आकड्यांवर विश्वास ठेवणारी. निष्कर्ष लिहून टाकला : ‘बहुतांश महिला एकट्याने काम करतात.’

पुढच्या उधाणाला मी स्वतः त्यांच्याबरोबर खडकावर गेले. एकही बाई एकटी नव्हती. पाचजणी एकत्र निघाल्या, एकमेकींना हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर बसल्या आणि परतल्या तेव्हाही एकत्रच. मी एका मावशींना विचारलं, “मग मदत होत नाही असं का सांगितलंत?” त्या म्हणाल्या, “ही मदत नाय गं. ही संगत.”

माझा आकडा बरोबर होता, शब्द चुकला होता.

आतला शब्द, बाहेरचा शब्द

केनेथ पाइक या भाषाशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ‘एमिक’ आणि ‘एटिक’ अशी एक जोडी मांडली. एमिक म्हणजे त्या समाजातली माणसं स्वतः जशी वर्गवारी करतात ती. एटिक म्हणजे अभ्यासक तुलनेसाठी बाहेरून लावतो ती. ‘मदत’ हा माझा एटिक शब्द होता. त्यांच्या लेखी मदत अडचणीत मागायची असते आणि मग ती फेडावी लागते. संगत मागावी लागत नाही, ती असते. दोन्ही प्रकारचे शब्द संशोधनात लागतात, पण प्रश्नावली छापायच्या आधी आतला शब्द माहीत हवा.

संगत कशासाठी लागते? आधी पाण्याचं गणित

इथे भावना बाजूला ठेवू आणि भौतिकशास्त्राकडे जाऊ.

कोकणात एक जुना ठोकताळा आहे : तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी आणि नंतर. यामागचं कारण सोपं आहे. चंद्रामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. बोटांवर मोजता येणारं हे उत्तम अंदाजगणित आहे.

आता पौर्णिमा किंवा अमावास्या घ्या. पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास. द्वितीया-तृतीयेला ती सकाळी साडेसात-आठपर्यंत सरकते. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आले की उधाण येतं, त्यामुळे या दिवसांत पाणी सर्वांत जास्त हटतं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते. तेव्हा पाणी फार हटत नाही, हातात फारसं काही लागत नाही.

म्हणजे बघा, कामाचे उत्तम दिवस महिन्यात मोजके. आणि त्या दिवसांतली सकाळची ओहोटी दर वेळी साधारण त्याच घड्याळी वेळेला येते : पहाटे पाच ते सकाळी आठ. घरात पाणी भरायचं, डबे करायचे, पोरांना शाळेत पाठवायचं, तीही हीच वेळ. समुद्र थांबत नाही आणि शाळाही थांबत नाही. मग एकीच्या पोरांचं दुसरीची सासू बघते, तिसरी निघताना सगळ्यांची दारं ठोठावते. माझ्या प्रश्नावलीत यासाठी रकानाच नव्हता.

दुसरा मुद्दा जिवाचा. भरती सुरू झाली की पाणी नेहमी समोरूनच येईल असं नाही. किनारा आणि खडक यांच्यामधला सखल भाग आधी भरतो आणि परतीची वाट मागच्या मागे बंद होते. कालव फोडणारी बाई खाली मान घालून बसलेली असते, कारण शिंपल्याची कड ब्लेडसारखी धारदार आणि नजर हटली की बोट कापलं. मग पाण्याकडे कोण बघणार? जिची टोपली आधी भरली ती. तिची एक हाक आली की सगळ्या उठतात. गळाला दोरी असते तशी या कामाला संगत असते.

मग हे मोजायचं कसं?

‘तुम्हाला किती मैत्रिणी आहेत?’ असं विचारू नका. उत्तर एक तर हसण्यावारी जाईल, नाहीतर खोटं मिळेल. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या आपल्या गाजलेल्या लेखात नात्याची घट्टी चार गोष्टींवर ठरवली : एकत्र घालवलेला वेळ, भावनिक ओढ, एकमेकांना मनातलं सांगणं आणि देवाणघेवाण. या चारही गोष्टींचे घडलेल्या प्रसंगांवर आधारित प्रश्न करता येतात :

- गेल्या उधाणाला कोणाबरोबर गेलात?
- त्या वेळी घरी पोरांकडे कोण होतं?
- नवी जागा सापडली तर आधी कोणाला सांगाल? कोणाला सांगणार नाही?
- आजारी पडलात तर तुमचा माल बाजारात कोण विकेल?

तिसऱ्या प्रश्नाचा दुसरा भाग गाळू नका. संगतीला कुंपणही असतं. नवी सून, पलीकडच्या वस्तीतली बाई, भांडण झालेली जाऊ, या कुंपणाबाहेर असू शकतात. फक्त गोडवा नोंदवला तर ते संशोधन होत नाही.

अशा संगतीला जगात दखल मिळालेली उदाहरणं आहेत. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर श्वास रोखून समुद्राच्या तळाचे जीव काढणाऱ्या हेन्यो बायका कौशल्यानुसार तीन श्रेणींत गटाने काम करतात. दगडी आडोशात शेकोटीभोवती बसून अनुभव आणि निर्णय वाटून घेतात. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांची संस्कृती मानवी वारशाच्या यादीत घेतली. आपल्या खडकांवरची कामं मात्र बहुतेकदा ‘घरच्यापुरतं आणते’ या वाक्यात संपतात.

जागा कोणाची?

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जड गेला. वर्षभर बरोबर हिंडल्यावर बायकांनी मला शिवल्यांच्या चांगल्या जागा दाखवल्या. मी सवयीने जीपीएसवर नोंदी घेतल्या आणि नकाशा तयार केला. प्रकरण एकदम भारदस्त दिसायला लागलं. तो नकाशा छापू का, म्हणून विचारायला गेले, तर मावशी बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “जागा तुला दाखवली. कागदाला नाय दाखवली.”

संमतीपत्रावर त्यांची सही होती. नियमाने मी नकाशा छापू शकले असते. पण सही माझ्या मुलाखतींसाठी होती, आणि जागा मला मिळाली होती संगतीत. छापलेला नकाशा कोणाच्याही हाती लागू शकतो. मोठी टोळी येऊन दोन उधाणांत जागा खरवडून गेली तर नुकसान माझं नसणार. मी नेमके बिंदू काढून टाकले, फक्त खाडीचा ढोबळ पट्टा ठेवला आणि तसं करण्याचं कारण पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं. गावाचं नावही म्हणूनच इथे नाही. प्रकरण थोडं फिकं झालं खरं. पण पुढच्या उधाणाला माझं दार ठोठावलं गेलं.

तुमच्यासाठी एक छोटा गृहपाठ. तुमच्या प्रश्नावलीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द घ्या आणि ज्यांच्यावर संशोधन करणार आहात त्यांच्यातल्या तिघांना विचारा, ‘याला तुम्ही काय म्हणता?’ तिघांचं उत्तर तुमच्या शब्दापेक्षा वेगळं आलं, तर प्रश्नावली छापायची घाई करू नका. मी छापली होती. ते दोनशे कागद अजून माझ्या कपाटात आहेत, आणि पाठकोऱ्या बाजूवर मी तिथी आणि ओहोटीच्या वेळा लिहिते.