दोन शून्यांची गाठ

होटगी जंक्शनच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. तरी सोलापूर, वाडी, गदग या सगळ्यांची उंची त्याच एका शून्यापासून मोजलेली, म्हणून तर चढ कुठे आणि उतार कुठे ते कळतं. व्होल्टचंही तसंच आहे. एकट्या तारेत ‘पाच व्होल्ट’ कधीच नसतात; ते दोन ठिकाणांमधलं अंतर असतं.

आर्डुइनोचा छोटा बोर्ड लॅपटॉपवर चालतोय, तापमान मोजणारा एलएम३५ सेन्सर वेगळ्या बॅटरीवर आणि दोघांमध्ये फक्त सिग्नलची तार जोडलेली, अशी मांडणी करून बघा. आकडे नाचायला लागतात. हात जवळ नेला तरी बदलतात! सेन्सर खरंच बोलतोय, पण त्याचं शून्य वेगळं आणि आर्डुइनोचं वेगळं. सर्किटच्या या शून्यालाच ग्राउंड म्हणतात. एका ग्राउंडपासून दुसऱ्या ग्राउंडपर्यंत साधी जंपर वायर टाकली की आकडा जागेवर येतो. त्यासाठी जमिनीत अर्थिंगची सळई पुरावी लागत नाही. आकाशातल्या उपग्रहातही ग्राउंड असतंच.

पण खरी गंमत ग्राउंड जोडल्यावरच सुरू होते. समजा, सगळं एकाच अडॅप्टरवर आहे आणि सेन्सरशेजारच्या छोट्या पंख्याचा करंटही सेन्सरच्याच ग्राउंड वायरमधून परत येतोय. त्या वायरचा रोध ०.२ ओहम आणि करंट अर्धा अँपिअर धरला, तर सेन्सरचं शून्य १०० मिलिव्होल्टने वर उचललं जातं. एलएम३५ एका अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यातले ४२ अंश पंखा लावताच ५२ दिसणार!

होटगीच्या रुळांतही हेच घडतं. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट. इंजिनातून गेलेला करंट चाकांवाटे रुळांत उतरून सबस्टेशनकडे परततो. त्यामुळे रूळही ठिकठिकाणी शून्यापासून थोडा ढळतो आणि रुळांलगतची सिग्नल यंत्रणा हे गृहीत धरूनच बांधावी लागते.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. डीसी मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक सेन्सरच्या ग्राउंडच्या पायावर आणि दुसरं आर्डुइनोच्या जीएनडी (ग्राउंड) पिनवर लावायचं. पंखा बंद असताना जवळजवळ शून्य आणि चालू करताच आकडा चढला, तर सेन्सर शाबूत आहे, टाकून देऊ नका. पंख्याच्या परतीच्या तारेला थेट अडॅप्टरपर्यंत स्वतंत्र वाट द्या. मग सेन्सरच्या वायरमध्ये उरतो त्याचा स्वतःचा करंट, जेमतेम ६० मायक्रोअँपिअर. त्याने होणारी चूक अंशाच्या हजाराव्या भागाएवढी.