पूर्वीच्या गुंतागुंतीच्या बाळंतपणानंतर प्रसूतिपद्धतीची निवड : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा आपल्याकडे आजही पाळली जाते. दुसरे मात्र पुष्कळदा सासरी होते. पहिल्या वेळी सिझेरियन झाले असेल, तर दुसऱ्या वेळी काय करावे हा प्रश्न ज्यांनी पहिली शस्त्रक्रिया पाहिलेलीच नाही अशा डॉक्टरांपुढे येतो. घरात त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते : ‘एकदा सिझर, म्हणजे पुन्हा सिझरच.’ ही समजूत कितपत शास्त्रीय आहे आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात निवड कशावर अवलंबून असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समजुतीचे मूळ :

या आशयाचे विधान न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी १९१६ मध्ये केले होते. त्यांचा रोख वस्तुतः पहिले सिझेरियन विनाकारण करू नये, याकडे होता. हे पुढे विसरले गेले. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेत. पुढील गरोदरपणात तो व्रण फाटण्याचा धोका मोठा असे. १९२० च्या दशकात ग्लासगोचे मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. आज बहुतेक सिझेरियन याच पद्धतीने होतात.

असा एकच आडवा छेद असलेल्या स्त्रीला कळा येऊ दिल्यास व्रण फाटण्याचे प्रमाण साधारणतः दोनशेत एक इतके आढळते. योग्य निवड केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७२ ते ७५ टक्के स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक रीतीने पार पडते. पूर्वी एखादे बाळंतपण नैसर्गिक झाले असल्यास हे प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. उलटपक्षी प्रत्येक सिझेरियनगणिक पुढील वेळी वार खाली, जुन्या व्रणावर रुजून घट्ट चिकटण्याची शक्यता वाढते. अशा वेळी होणारा रक्तस्राव प्रसंगी गर्भाशय काढल्याशिवाय थांबत नाही. म्हणून दोनहून अधिक अपत्ये हवी असलेल्या कुटुंबाने हा धोका आधीच विचारात घ्यावा.

निवडीचे निकष :

पोटावरील व्रण पाहून आतील छेद ओळखता येत नाही. कातडीवर आडवी रेघ असली तरी गर्भाशयावर उभा छेद असू शकतो, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीत. उभा छेद असल्यास किंवा पूर्वी गर्भाशय फाटले असल्यास कळांची वाट पाहू नये. पहिली शस्त्रक्रिया का झाली, हेही तितकेच महत्त्वाचे ठरते. मूल पायाळू होते म्हणून झाली असेल तर ते कारण या वेळी नसू शकते. कळा सुरू होऊनही प्रसूती अडली असेल तर यशाची आशा काहीशी कमी होते. दोन बाळंतपणांतील अंतर दीड-दोन वर्षांपेक्षा कमी असणे आणि औषधाने कळा आणणे, या दोन्हींमुळे व्रणावरील धोका वाढतो.

सर्वच गुंतागुंतींचे उत्तर मात्र सिझेरियन नव्हे. पूर्वी प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीला प्रामुख्याने रक्ताची सोय असलेले रुग्णालय हवे असते. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जखम झाली असेल आणि त्रास टिकून असेल, तर शस्त्रक्रियेचा पर्याय तज्ज्ञांशी बोलून ठरवावा.

अंतराचा प्रश्न :

वरील आकडे ज्या रुग्णालयांतून आले, तेथे शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त तत्काळ उपलब्ध असते. व्रण फाटल्यास बाळाच्या दृष्टीने मिनिटे मोलाची असतात. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद वा संग्रामपूर तालुक्यातील आदिवासी पाड्यावरून बुलढाणा, खामगाव किंवा अकोला गाठण्यास लागणारा वेळ कोणत्याही टक्केवारीत धरलेला नसतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे. परंतु रुग्णवाहिकेत शस्त्रक्रिया होत नाही. नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न घरी वा उपकेंद्रात करण्याजोगा नाही, एवढे निःसंदिग्धपणे सांगता येते. तो करायचा असल्यास दिवस भरण्यापूर्वीच मोठ्या रुग्णालयाच्या गावी नातेवाइकांकडे मुक्काम हलवणे इष्ट. नियोजित सिझेरियन ठरल्यास ते सामान्यतः ३९ आठवड्यांच्या सुमारास करतात. मुहूर्तासाठी ते आधी ओढल्यास बाळाला श्वसनाचा त्रास संभवतो. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात सिझेरियन, औषधे, रक्त आणि वाहतूक विनामूल्य आहे. त्यामुळे खर्चाच्या भीतीने धोका पत्करण्याचे कारण नाही.

कागदाचे महत्त्व :

हे सर्व निर्णय एका कागदावर येऊन थांबतात. रुग्णालयातून सुट्टी होताना मिळणाऱ्या कार्डावर शस्त्रक्रियेचे कारण आणि गर्भाशयावरील छेदाचा प्रकार नोंदलेला असावा. नसल्यास तेथेच लिहून मागावा. बहुधा हे कार्ड माहेरच्या ट्रंकेत राहते आणि सासरी केवळ ‘सिझर झाले होते’ एवढीच माहिती पोहोचते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. मात्र ती जपून ठेवण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचे आहे. दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवणाऱ्या जोडप्याने दुसऱ्या खेपेस मागणी केली, तर तोवर ही मुदत टळून गेलेली असते. यास्तव पहिल्या बाळाला घेऊन सासरी निघतानाच ते कार्ड सोबत घ्यावे आणि त्याची एक प्रत आशा स्वयंसेविकेकडे द्यावी.