फार्मसिस्टने शिकत का राहायचं? महाड-पोलादपूरसाठी काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाड औद्योगिक वसाहतीतून सुटलेला कंत्राटी कामगार बिरवाडीच्या मेडिकलमध्ये येतो आणि म्हणतो, "दादा, पोट बिघडलंय, काहीतरी द्या." पोलादपूरला बाजारासाठी वरच्या वाडीतून उतरलेली आजी नातवाच्या खोकल्याची बाटली मागते. दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो, फी द्यावी लागते, परतीची एसटी चुकते. मेडिकलमधला सल्ला फुकट आणि लगेच मिळतो. त्यामुळे काउंटरमागच्या माणसाला काय ठाऊक आहे आणि ते त्याने शेवटचं कधी तपासून घेतलं, हा दोन्ही तालुक्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. त्याबद्दल गिऱ्हाइकांच्या मनात गैरसमज आहेत, तसे खुद्द फार्मसिस्टांच्या मनातही आहेत.

गैरसमज : मेडिकलवाला दुकानदार आहे, सल्ला देणं त्याचं काम नाही.

वस्तुस्थिती : 1948 च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टनेच द्यायचं असतं. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने 2015 साली काढलेल्या व्यवसाय नियमावलीने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. चिठ्ठी तपासणं, औषध कसं आणि किती दिवस घ्यायचं, त्याचा काय त्रास होऊ शकतो, ते कुठे ठेवायचं, हे रुग्णाला समजावून सांगणं फार्मसिस्टचं कर्तव्य ठरलं. नाव आणि नोंदणी क्रमांक असलेला बिल्ला लावून त्याने उभं राहावं, असंही त्यात आहे. ज्या दुकानात परवान्यावर एकाचं नाव आणि काउंटरवर दुसराच मुलगा असतो, तिथे हा नियम भिंतीवरच्या फ्रेमपुरता उरतो, आणि हे आपण सगळ्यांनी चालवून घेतलं आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. सल्ला देणं म्हणजे रोगनिदान करणं नाही. शेड्यूल एच आणि एच-1 या सरकारी याद्यांमधली औषधं चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. डॉक्टरने लिहिलेलं औषध त्याच्या संमतीशिवाय बदलताही येत नाही. "आता हे माझ्याकडून होणार नाही, डॉक्टरांना दाखवा" हे वेळेवर सांगता येणं हा चांगल्या फार्मसिस्टच्या कौशल्यातला सर्वांत मोठा भाग आहे. खोकल्याची बाटली संपवून तिसऱ्यांदा तीच मागायला आलेल्या माणसाला "दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, पैसे पडत नाहीत" एवढं सांगितलं, तर एखादा क्षयरोग महिनाभर आधी सापडतो.

गैरसमज : डिप्लोमा झाला, नोंदणी झाली, शिक्षण संपलं.

वस्तुस्थिती : त्याच 2015 च्या नियमावलीत नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत किमान दोन, प्रत्येकी एक दिवसाचे रिफ्रेशर कोर्स करण्याची अट आहे. माझ्या मते पाच वर्षांत दोन दिवस ही फार तुटपुंजी मात्रा आहे. गेल्या काही वर्षांत काय काय बदललं ते पाहा. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर 2011 मध्ये बंदी आली. मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू झालं. त्यातली जालीम अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं, झोपेच्या काही गोळ्या विकताना डॉक्टर आणि रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. सर्दीच्या औषधांतलं क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना छापायला डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं गेलं. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने एका फटक्यात 156 मिश्र औषधांवर बंदी घातली. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष असलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नका आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळा, असं कळवलं.

2005 साली पास झालेल्या माणसाच्या पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. ती आजी मात्र नातवासाठी आजही तीच बाटली मागते आहे.

गैरसमज : नवं ज्ञान मुंबई-पुण्यात किंवा परदेशात तयार होतं, आपल्या भागाला त्याचा काय उपयोग?

वस्तुस्थिती : विंचूदंशावरच्या उपचारात जगभर दखल घेतली गेली असं काम याच महाड-पोलादपुरात झालं. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं, हे त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदवलं. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून त्यांनी ती या रुग्णांना देऊन पाहिली. 1986 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावरचं त्यांचं लेखन आलं. पश्चिम भारतात पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी शेकडा 25 ते 30 मरत, ते प्रमाण प्राझोसिननंतर एक टक्क्याच्या आसपास आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गोष्ट इथे थांबत नाही, आणि माझा मुद्दा तिथेच आहे. विंचवावरची प्रतिविष लस उपयोगाची नाही, असं बराच काळ मानलं जात होतं. 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बावस्करांनीच दाखवून दिलं, की नुसत्या प्राझोसिनपेक्षा लस आणि प्राझोसिन एकत्र दिल्यावर रुग्ण लवकर बरा होतो. एकाच डॉक्टरच्या हयातीत, याच भागात, एकाच आजारावरचा उपचार दोनदा बदलला. तरीही विंचू चावला की "ॲव्हिल आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्या" हा सल्ला अजून ऐकू येतो. विंचूदंशात त्या दोन्हींचा उपयोग होत नाही, आणि वेळ जातो तो जातोच.

फार्मसिस्टने इथे उपचार करायचा नाही. त्याला तीन गोष्टी ठाऊक हव्यात. चावल्यावर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली तर क्षणभरही न थांबवता रुग्णालयात पाठवायचं. प्राझोसिनची साधी गोळी दुकानात असायला हवी, कारण हळूहळू विरघळणारी एक्सएल गोळी तोडून किंवा चुरून देता येत नाही. आणि पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून डॉक्टरांनी ती दिली असेल तर रुग्णाला आडवंच ठेवायचं, मुलाला उभं खांद्यावर घेऊन पळायचं नाही. हे अर्ध्या तासात शिकवता येतं. महाडच्या प्रत्येक फार्मसिस्टला ते पाठ असायला हवं.

गैरसमज : खाजेचं मलम बाहेरून लावायचं, त्याने काय बिघडतं?

वस्तुस्थिती : सध्या या भागात सर्वांत जास्त नुकसान बहुधा याच गैरसमजाने होतं आहे. जून ते सप्टेंबर इथे अंगावरचा कपडा वाळत नाही. खाचरातल्या चिखलात लावणी करणाऱ्या बायका आणि रबरी बूट, जाड गणवेश घालून आठ-बारा तास राबणारे कामगार यांच्या जांघेत, कमरेला, बोटांच्या बेचक्यात गजकर्ण उठतो. तो बुरशीचा आजार आहे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या मिश्र मलमात बुरशीनाशकाबरोबर स्टेरॉइडही असतं. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि माणूस खूश होतो. पण त्याच स्टेरॉइडने त्वचेची प्रतिकारशक्ती दबते, बुरशी आत पसरत राहते आणि मलम थांबवलं की दुप्पट जोराने वर येते. महिनोन्महिने लावल्यावर कातडी पातळ होते, पांढऱ्या रेषा उमटतात. मग साध्या औषधाने बरा झाला असता असा नायटा घरभर फिरतो, कारण टॉवेल एकच असतो.

पूर्वी अंगाला लावायच्या स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीच्या नियमातून सूट होती. मार्च 2018 मध्ये केंद्राने अशा 14 स्टेरॉइडांची सूट काढून घेतली. म्हणजे ती मलमं आता चिठ्ठीवरच द्यायची आहेत. ज्याने हे वाचलं नाही, तो जुन्याच सवयीने ट्यूब पुढे सरकवतो. गिऱ्हाइकाने मागितली म्हणून दिली, हे उत्तर पुरेसं नाही. निव्वळ बुरशीनाशक मलम, खाज थांबल्यावरही ते सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावणं, टॉवेल वेगळा, कपडे उन्हात किंवा इस्त्रीने कोरडे, आणि पसरलेलं असेल तर त्वचारोगतज्ज्ञ : एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात.

गैरसमज : औद्योगिक वसाहतीतले आजार कंपनीचा डॉक्टर बघतो.

वस्तुस्थिती : मोठ्या कंपनीच्या कायम कामगारापुरतं ते खरं असेल. कंत्राटी कामगार नोकरी जाण्याच्या भीतीने गेटबाहेरच्या मेडिकलमध्ये येतो. डोळ्यात केमिकल उडालेला माणूस "ड्रॉप द्या" म्हणतो, तेव्हा ड्रॉपच्या आधी नळाखाली निदान पंधरा मिनिटं डोळा धुवायला लावायचा आणि मग डॉक्टरकडे पाठवायचा, हे काउंटरवरच्या माणसाला झोपेतही आठवलं पाहिजे. आम्ल असो वा अल्कली, भाजलेल्या कातडीवरही आधी पाणी. टूथपेस्ट नको, मलम नको. कोणतं रसायन होतं ते नाव विचारून कागदावर लिहून सोबत दिलं, तर पुढचा डॉक्टर दुवा देईल.

इथल्या साध्या सर्दीचा सल्लाही इतर गावांपेक्षा वेगळा असायला हवा. थर्ड शिफ्टला रिॲक्टरवर उभं राहणाऱ्याला गुंगी आणणारी सर्दीची गोळी देताना "कामावर कधी जायचंय?" हा प्रश्न विचारायलाच हवा. मधुमेही कामगाराची पाळी दर आठवड्याला बदलते. "सकाळी नाश्त्याआधी" या सूचनेचा त्याच्या दिवसाशी मेळ बसत नाही. त्याची गोळी जेवणाशी कशी जोडायची, हे त्याच्या डॉक्टरशी बोलून ठरवावं लागतं. भट्टीजवळ घाम गाळून आलेल्याला अंगदुखीवर डायक्लोफेनॅक देण्याआधी त्याने पाणी किती प्यायलं हे विचारा. शरीर कोरडं पडलेलं असताना वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. आणि ओआरएस म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसारची, एका लिटर पाण्यात विरघळवायची पुडी. खोक्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली.

गैरसमज : पूर ओसरला की औषधांचा प्रश्न संपला.

वस्तुस्थिती : 22 जुलै 2021 ला सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावात डोंगर कोसळला. पुराने मागे ठेवलेला चिखल उपसणाऱ्यांच्या पायांना लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा धोका असतो. ताप, पोटऱ्यांमध्ये कळा, लाल डोळे घेऊन आलेल्या माणसाला वेदनाशामक देऊन घरी पाठवणं धोक्याचं, कारण लेप्टो मूत्रपिंडावरच जातो. डॉक्सिसायक्लिन प्रतिबंधासाठी डॉक्टरच्या सांगण्यावरून घेतात, पण ती सरसकट वाटायची गोळी नाही. गरोदर बाया आणि आठ वर्षांखालची मुलं वगळावी लागतात, आणि ती भरपूर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं व्हायचं नसतं. पुरात भिजलेलं औषध, पट्टी बंद दिसली तरी, टाकूनच द्यायचं.

गैरसमज : कंपनीचा प्रतिनिधी येऊन सांगतो, मोबाइलवर माहिती येते, तेच शिक्षण.

वस्तुस्थिती : प्रतिनिधी त्याच्या मालाबद्दल सांगतो, ती जाहिरात आहे. आणि कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे शिकल्याचा पुरावा नाही. ब्रिटनमध्ये 2018 पासून फार्मसिस्टला दरवर्षी आपण काय शिकलो, त्याचा रुग्णाला काय फायदा झाला याच्या चार नोंदी, एका सहव्यावसायिकाशी चर्चा आणि स्वतःच्या कामाचं एक चिंतन लिहून द्यावं लागतं. आपल्याकडे त्याची सक्ती नाही, पण एक वही ठेवायला कुणाची परवानगीही लागत नाही. "आज गिऱ्हाइकाने विचारलेलं मला सांगता आलं नाही" असा एक प्रश्न रोज लिहायचा आणि आठवड्याअखेर त्याचं उत्तर शोधायचं.

अडचण खरी आहे. पोलादपुरात एकट्याने दुकान चालवणारा माणूस कोर्सला मुंबईला गेला, तर त्या दिवशी शटर बंद. त्याहून वर, हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावांत तर पॅरासिटामॉल, आम्लपित्ताच्या गोळ्या, बाम यांसारखी घरगुती औषधं परवान्याशिवाय किराणा दुकानात विकायला कायद्यानेच मुभा आहे. तिथे तर कुणीच शिकलेलं नसतं. म्हणून शिक्षण महाडला आलं पाहिजे : एक दिवस पावसाळ्याआधी लेप्टो, जुलाब आणि त्वचारोगांसाठी, एक दिवस पावसाळ्यानंतर रसायनं, मधुमेह आणि रक्तदाबासाठी. तालुक्याच्या केमिस्ट संघटनेने पुढाकार घ्यावा, कारखानदारांनी सभागृह आणि आपले कंपनी-डॉक्टर द्यावेत, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलने त्याला रिफ्रेशर कोर्सची मान्यता द्यावी. दुकानांनी आळीपाळीने बंद राहायचं ठरवलं तर कुणाचीही गैरसोय होणार नाही.

आणि वाचकांनो, पुढच्या वेळी मेडिकलमध्ये गेलात की फार्मसिस्ट कोण आहेत ते विचारा, औषध कसं घ्यायचं ते त्यांच्याकडूनच समजून घ्या. औषधाचा त्रास झाला तर त्यांना सांगा, किंवा देशाच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर स्वतः कळवा.