संगीत-प्रवाहन सेवा : वर्गणीदरातील बदल व ग्राहकप्रतिक्रिया

आंतरजालावरून ध्वनिमुद्रित संगीत ऐकविणाऱ्या सेवांनी वर्गणीचे दर बदलले असता श्रोत्यांकडून मिळणारा प्रतिसाद. प्रचारात ‘स्ट्रीमिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सेवेत श्रोता तबकडी किंवा ध्वनिफीत यांप्रमाणे संगीत विकत घेत नाही, तर ठराविक मुदतीपुरता ते ऐकण्याचा हक्क घेतो. वर्गणी थांबताच भ्रमणध्वनीत उतरवून घेतलेली गाणीही वाजेनाशी होतात. साहजिकच येथील दरवाढ एखाद्या नव्या वस्तूच्या किंमतवाढीसारखी नसून घरभाडे वाढण्यासारखी असते. श्रोत्याने वर्षानुवर्षे जमविलेली गाण्यांची यादी सेवेच्या ताब्यात असते व ती दुसऱ्या सेवेत नेणे सोपे नसते.

ग्राहकांच्या नाराजीचे पहिले महत्त्वाचे विवेचन आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये केले. असंतुष्ट ग्राहक एक तर सोडून जातो किंवा तक्रार करतो. निष्ठा असेल, तर जाणे लांबणीवर टाकतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. डॅनियल कानेमान व एमॉस ट्व्हेर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार माणसाला तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख अधिक वाटते. म्हणून दर घटल्याचे समाधान लवकर विसरले जाते व वाढल्याची खंत टिकून राहते. संगीतसेवांच्या बाबतीत मात्र एक चौथा मार्गही उपलब्ध आहे, तो म्हणजे त्याच सेवेत राहून जाहिरातींसह मिळणाऱ्या मोफत श्रवणाकडे उतरणे. भारतातील प्रतिक्रियांचा उलगडा मुख्यत्वे या चौथ्या मार्गावरून होतो.

अमेरिकेत स्पॉटिफाय या स्वीडिश सेवेचा वैयक्तिक दर २०११ पासून बारा वर्षे दरमहा ९·९९ डॉलर होता. २०२३ मध्ये तो १०·९९ व २०२४ मध्ये ११·९९ डॉलर झाला. इतरही अनेक देशांत दर वाढले, तरी सेवेचे जगभरातील सवर्गणी श्रोते २०२३ अखेरच्या २३·६ कोटींवरून २०२४ अखेर २६·३ कोटींवर गेले. तेथे तक्रारी पुष्कळ झाल्या, पण सोडून जाणारे थोडे निघाले. ज्या समाजात संगीतासाठी पैसे मोजण्याची सवय आधीच रुजली आहे, तेथे एका डॉलरने ती मोडत नाही.

भारतात ही सवय वेगळ्या रीतीने घडली. मुंबई येथे २३ जुलै १९२७ रोजी ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’चे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा श्रोत्यास वर्षाला १० रु. देऊन परवाना घ्यावा लागे. परवाने १९२७ अखेर ३,५९४, तर १९२९ अखेर ७,७७५ होते. विनापरवाना ऐकणारे मात्र बरेच होते आणि १९३० मध्ये कंपनी विसर्जित झाली. नभोवाणी सरकारने हाती घेतली, पण १९३१ मध्ये काटकसरीसाठी ती बंद करण्याचे ठरताच लोकांनी विरोध केला व तो निर्णय फिरविण्यात आला. नभोवाणी हवी, परंतु शुल्क शक्यतो चुकवावे, ही दुहेरी वृत्ती तेव्हापासूनची म्हणता येईल. स्वातंत्र्यानंतरही डाकघरातून रेडिओचा वार्षिक परवाना घ्यावा लागे व सर्वसाधारण संचास तो १५ रु. पडे. १९८०-९० या दशकाच्या मध्यास हे शुल्क रद्द झाले. तत्पूर्वी १९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या होत्या. जाहिरात ऐकली म्हणजे गाण्याचे मोल चुकते झाले, ही समजूत त्यामुळे दृढ झाली असावी. पुढे स्वस्त ध्वनिफितींनी आणि नंतर भ्रमणध्वनीच्या दुकानात काही रुपयांत स्मृतिपत्रिकेवर, म्हणजे मेमरी कार्डावर, शेकडो गाणी भरून देण्याच्या धंद्याने तिला बळ दिले.

या पार्श्वभूमीवर २०१९ मध्ये स्पर्धा सुरू झाली. स्पॉटिफायने त्या वर्षी २६ फेब्रुवारीला भारतात दरमहा ११९ रु. दराने व जोडीला मोफत श्रवण ठेवून प्रवेश केला. मार्चमध्ये यूट्यूब म्यूझिक ९९ रुपयांत आले व एप्रिलमध्ये ॲपल म्यूझिकने आपला १२० रुपयांचा दर ९९ वर आणला. असे असूनही २०२४ मध्ये देशातील सवर्गणी श्रोते सु. एक कोटीच भरत होते. मोफत ऐकणारे त्यांच्या कित्येक पट होते. गाना या भारतीय सेवेने २०२२ मध्ये मोफत श्रवण बंद करून केवळ वर्गणीवर चालण्याचा मार्ग धरला. पण शेजारीच इतर सेवांत तीच गाणी फुकट वाजत असता असा निर्णय धाडसाचाच म्हटला पाहिजे. रेसो आणि विंक या सेवा २०२४ मध्ये बंद झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये यूट्यूबच्या जाहिरातविरहित सेवेचा वैयक्तिक दर १२९ वरून १४९ रु. झाला, तर कौटुंबिक दर १८९ वरून एकदम २९९ रुपयांवर गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायने १३९, १९९ व २९९ रु. अशा तीन पायऱ्या केल्या. अशा पायऱ्यांमुळे दरवाढीने दुखावलेल्या ग्राहकास बाहेर न पडता एक पायरी खाली उतरता येते.

भारतीय ग्राहक सोडून जातच नाही, असे मात्र नाही. जुलै २०२४ च्या आरंभी खाजगी दूरध्वनी कंपन्यांनी आपले दर वाढविले. त्या एका महिन्यात एअरटेलचे सु. १७ लाख, व्होडाफोन-आयडियाचे सु. १४ लाख व जिओचे सु. साडेसात लाख ग्राहक घटले, तर दर न वाढविणाऱ्या भारत संचार निगमचे सु. २९ लाख वाढले. दूरध्वनीचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येते, गाण्यांच्या यादीस ती मुभा नाही, हा येथील महत्त्वाचा भेद होय. शिवाय संगीतसेवेची खरी किंमत वर्गणी अधिक विदाशुल्क अशी असल्याने, डेटा महागला की मोफत श्रवणही महागते.

प्रतिक्रिया व्यक्त होण्याची संधी कितपत मिळते, हे वसुलीच्या पद्धतीवरही अवलंबून असते. ग्राहकाच्या खात्यातून आपोआप पैसे कापले जात असल्यास वाढ पुष्कळदा ध्यानातच येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून अंमलात आलेल्या नियमांनुसार अशा आवर्ती वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी सूचना देणे आवश्यक झाले. ही सूचना म्हणजे दर महिन्याला ‘चालू ठेवावे काय?’ असा प्रश्नच असतो. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी, वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवण्यास अनुचित प्रथा ठरविले. दिवसाला ७ व आठवड्याला २५ रु. अशा स्पॉटिफायच्या लहान मुदतीच्या योजनाही याच मनोवृत्तीस धरून निघाल्या. लागेल तेव्हाच पैसे भरणाऱ्यास वर्गणी सोडण्याचा वेगळा निर्णय घ्यावाच लागत नाही.

दराचा अर्थ स्थळानुसार कसा बदलतो, हे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील चंदगड तालुक्यासारख्या प्रदेशावरून ध्यानात येते. पूर्वेस बेळगाव जिल्हा व पश्चिमेस सिंधुदुर्ग यांमधील हा मुलूख सह्याद्रीचा, दाट झाडीचा व मुसळधार पावसाचा आहे. व्यवहार बेळगावच्या बाजारपेठेशी अधिक, बोलीवर कन्नड व कोकणी यांची छाया आणि नभोवाणीच्या काळात जवळची केंद्रे सांगली, धारवाड व पणजी, असे येथील सांस्कृतिक वास्तव आहे. डोंगराळ भागात जेथे संदेशवहन तुटक असते, तेथे मोफत श्रवण नावापुरतेच उरते व गाणी उतरवून घेण्याची सोय मोलाची ठरते. ही सोय बहुतेक सेवांत वर्गणीदारासच मिळते. शहरात जाहिरात टाळण्यासाठी मोजले जाणारे पैसे येथे गाणे अखंड ऐकू यावे म्हणून मोजावे लागतात. कौटुंबिक योजनेची गोष्टही अशीच आहे. तिचे सदस्य एकाच पत्त्यावर राहणारे असावेत, अशी काही सेवांची अट असते. चंदगड, आजरा, गडहिंग्लज या भागांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईस कामाला जात आली आहेत. एक चूल गावी व एक मुंबईत असलेले घर या अटीच्या दृष्टीने कुटुंब ठरत नाही. ही अट दरवाढीपेक्षाही जाचक म्हणता येईल, कारण तिच्यामुळे दोन वर्गण्या भराव्या लागतात किंवा एक सोडावी लागते.

दर कमी ठेवण्याचा भार अखेर कोणावर पडतो, हा प्रश्न ग्राहकांच्या प्रतिक्रियांत क्वचितच उमटतो. तो न्यायालयात मात्र आला. टिप्स या ध्वनिमुद्रण कंपनीशी मोबदल्याबाबत बोलणी फिसकटल्यावर विंकने प्रतिलिप्यधिकार अधिनियमाच्या कलम ३१-डी खालील वैधानिक परवान्याचा आधार घेतला. हा परवाना नभोवाणी व दूरचित्रवाणी प्रसारणापुरता असून आंतरजालीय सेवांना लागू नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०१९ रोजी दिला व खंडपीठाने तो २०२२ मध्ये कायम केला. परिणामी सेवांना संगीताची किंमत मालकांशी वाटाघाटी करूनच ठरवावी लागते आणि तिचा दाब वर्गणीदरावर येतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वशुल्कावरील हक्क पक्का केला असला, तरी वाटपासाठी जमणारी रक्कम वर्गणी आणि जाहिरात यांतूनच येते व एका मोफत श्रोत्यामागील जाहिरातीचे उत्पन्न वर्गणीच्या मानाने अल्प असते. लोकप्रिय हिंदी चित्रपटगीतांस श्रोत्यांच्या संख्येमुळे ही तूट भरून काढता येते. मराठी भावगीते, भजने, भारुडे किंवा सीमाभागातील बोलींमधील गाणी यांना तेवढे श्रोते नसतात. त्यातच २०२४ पासून स्पॉटिफायने मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणास मोबदल्यातून वगळले आहे.