परका माणूस आणि बुजरं कुत्रं
मुक्या सोबत्यांची भाषा : लेखांक ७

माळेगावच्या खंडोबाची यात्रा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास भरते. गाव नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातलं, पण पालम-गंगाखेडच्या माणसाला ही यात्रा घरचीच वाटते. घोडे, उंट, गाढवं आणि लाल कंधारी, देवणी गुरांच्या बाजाराबरोबर तिथे श्वान प्रदर्शनही असतं. त्यात आपल्या भागातले कारवान आणि पश्मी हे शिकारी कुत्रे बघायला झुंबड उडते. लातूर जिल्ह्यातलं, चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव तर या कुत्र्यांसाठीच ओळखलं जातं. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि निमुळतं तोंड असलेलं हे देखणं जनावर गर्दीत मात्र अनेकदा वेगळंच दिसतं. शेपूट पोटाखाली ओढलेलं असतं, कान मागे चिकटलेले असतात आणि डोळे बाहेर जायची वाट शोधत असतात. बघणारे म्हणतात, जातच लाजरी. मालक अभिमानाने सांगतो, "काही करत नाही, लावा हात."

माझ्या मते सगळा घोळ या "लावा हात" मध्ये आहे. घाबरलेल्या कुत्र्याला परक्या हाताची सवय लावली की त्याची भीती जाते, असं आपण धरून चालतो. खरं तर आधी परका माणूस दूर असताना कुत्र्याला निर्धास्त वाटलं पाहिजे. हाताची पाळी त्यानंतर, फार उशिरा येते. काही कुत्र्यांच्या बाबतीत ती कधीच येत नाही, आणि तसं झालं तरी चालतं.

भीती कुठून येते ते आधी बघू. थोडी रक्तातून येते. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक इथे १९६० च्या दशकापासून पॉइंटर जातीच्या कुत्र्यांचे दोन वाण वाढवून अभ्यासले गेले. एका वाणाची कुत्री नेहमीसारखी वागत, दुसऱ्या वाणाची माणूस जवळ येताच जागच्या जागी ताठ होऊन गोठून जात. त्यांना कोणी मारलेलं नव्हतं, भीती वंशातूनच उतरली होती. आपला कारवानही परक्यापासून अंतर राखणाराच आहे. त्यात खोट काही नाही. पण पिल्लू घेताना त्याच्या आईला भेटावं. ती परका माणूस दिसताच खाटेखाली शिरत असेल, तर पिल्लावर पहिल्या दिवसापासून जास्त मेहनत घ्यावी लागेल हे समजून घरी आणावं.

उरलेली भीती बालपणात घडते. मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत डॅनियल फ्रीडमन, जॉन किंग आणि ऑर्विल एलियट यांनी केलेला प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच कुंपणाच्या शेतात पिल्लं त्यांच्या आईबरोबर ठेवली आणि माणसाचा सहवास टाळला. वेगवेगळ्या वयात काही पिल्लांना एकेक आठवडा आत आणून माणसांत खेळवलं. पाच ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान ज्यांना हा आठवडा मिळाला ती माणसाशी चांगली रुळली. ज्यांनी चौदा आठवडे माणूस जवळून अनुभवलाच नाही ती जवळजवळ रानटी राहिली. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचं दार उघडं असतं. त्या काळात जे दिसलं ते ओळखीचं होतं. त्यानंतर नवं काही समोर आलं, तर पहिली शंका धोक्याची येते.

आता आपल्याकडच्या आखाड्यावरचं पिल्लू डोळ्यांसमोर आणा. दीड-दोन महिन्यांचं असताना ते शेतात येतं, गोठ्याच्या खुंटाला बांधलं जातं, आणि मालक, सालगडी, दोन बैल यांच्यापलीकडे त्याला जग दिसत नाही. यामागे एक ठाम समजूत असते : सगळ्यांची ओळख झाली तर कुत्रं राखण करणार नाही, बांधून ठेवलं तर कडक होईल. या समजुतीमुळे कुत्र्यांचं आणि माणसांचंही फार नुकसान झालं आहे. बांधून वाढलेलं कुत्रं धीट होत नाही, घाबरट होतं. ते दूधवाल्यावर भुंकतं, वायरमनवर भुंकतं, पाहुण्यावर भुंकतं, रात्री खरा चोर आला तरी तसंच भुंकतं. मग घरातलं कोणी उठून बघत नाही. आणि एक दिवस ते कापूस वेचायला आलेल्या बाईच्या पिंडरीला किंवा तिच्या लेकराला चावतं. माणसं पाहिलेलं, निर्भय कुत्रं नेहमीचं काय आणि वावगं काय यातला फरक ओळखतं. राखणीला तेच उपयोगाचं.

पिल्लाला लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर नेऊ नका, हा सल्ला पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या धास्तीने दिला जातो. धास्ती खरी आहे, पण मनाचं दार तोवर मिटत येतं. लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास होतो. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं, की पहिल्या डोसानंतर सात दिवसांनी पिल्लाला सांभाळून जग दाखवायला सुरुवात करावी. त्याला जमिनीवर सोडायची गरज नाही. कडेवर घेऊन किंवा गाडीत मांडीवर बसवून जिंतूरच्या बसस्थानकाबाहेर, मानवतच्या बाजाराच्या कडेला थोडा वेळ थांबा. टोपीवाले, फेटेवाले, बुरख्यातल्या बायका, हेल्मेटवाले, काठी टेकणारे आजोबा, पळणारी पोरं सगळं त्याला लांबून बघू द्या. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर घेतातच, ती चुकवू नका.

पण बहुतेक वाचकांकडे पिल्लू नसतं, दोन-तीन वर्षांचं, पाहुणा आला की पलंगाखाली जाणारं किंवा दात दाखवणारं कुत्रं असतं. त्यांनी निराश होऊ नये. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांच्या २०१७ च्या एका प्रयोगात अनोळखी माणसाने कुत्र्यांची पुन्हा पुन्हा भेट घेतली, काहींना खाऊ दिला, काहींना कुरवाळलं. कुरवाळलेल्या कुत्र्यांचा विश्वास अधिक पक्का झाला. ही सगळी मोठी झालेली, रस्त्यावरच्या अनुभवांनी सावध झालेली कुत्री होती. २०२० मधल्या दुसऱ्या अभ्यासात त्याच गटाला असंही दिसलं, की जवळपास निम्मी कुत्री समोर ठेवलेल्या भांड्याकडे फिरकलीच नाहीत. माणसाबद्दलची धास्ती त्यांना अडवत होती. म्हणजे मोठ्या वयातही विश्वास बसतो, पण तो ज्याच्या त्याच्या गतीने. कुरवाळणं उपयोगी पडतं तेही कुत्रं आपणहून जवळ आल्यावरच.

प्रत्यक्ष सराव असा. रस्त्यावरून अधूनमधून माणसं जातात अशी मोकळी जागा निवडा. शेतात असाल तर पांदणीपासून पन्नास-साठ पावलांवरचा बांध चालेल, परभणी शहरात असाल तर सकाळी फिरणाऱ्यांचा एखादा शांत रस्ता. खिशात उकडलेली कलेजी किंवा अंड्याचे नखाएवढे तुकडे घ्या. रोजची भाकर नको, इथे मोलाची वस्तूच लागते. माणूस दिसला, कुत्र्याने त्याच्याकडे पाहिलं, की लगेच तुकडा द्या. माणूस दिसेनासा होईपर्यंत तुकडे देत राहा. तो गेला, खाऊ बंद.

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी माणूस, मग खाऊ. उलट केलंत, म्हणजे कलेजी दाखवून मग माणूस आणलात, तर कुत्रं हुशार असतं, ते कलेजीलाच घाबरायला लागतं. क्रम थोडा वेगळा, पण भीतीची आवडत्या खाऊशी जोड घालण्याचा असाच उपाय लहान मुलांच्या भीतीवर मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये केला होता. पीटर नावाचा मुलगा सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात बसलेला असताना ससा दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणला, आणि शेवटी पीटर त्याच्याशी खेळू लागला.

अंतर बरोबर आहे की नाही हे कुत्रंच सांगतं. आवडता तुकडा नाकाशी नेऊनही ते खात नसेल, किंवा बोटासकट ओरबाडून घेत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. मुकाट्याने मागे सरका. जीभ नाकावरून फिरवणं, झोप नसताना जांभई देणं, पुढचा पाय उचलून धरणं, मान वळवूनही डोळ्याची पांढरी कड दाखवत बघत राहणं, थंडीतही धापा टाकणं ही सगळी भीतीची बोलणी आहेत. काही दिवसांनी एक क्षण येतो. रस्त्यावर माणूस दिसतो आणि कुत्रं घाबरण्याऐवजी वळून तुमच्या तोंडाकडे बघतं, "आता माझा तुकडा?" असं विचारल्यासारखं. तो क्षण आला, की पाच पावलं पुढे जायला हरकत नाही. एखादा दिवस बिघडला तर दहा पावलं मागे यावं. उन्हाळ्यात हा सराव पहाटेच करा. परभणीच्या मे महिन्यात दहानंतर कुत्र्याचं लक्ष सावलीकडेच असतं, आणि तापलेल्या डांबराने पंजे भाजतात.

घरी येणाऱ्या पाहुण्याला शिकवणं कुत्र्याला शिकवण्यापेक्षा अवघड असतं, कारण पाहुण्याला वाटतं आपल्याला कुत्र्यांचं फार कळतं. त्याला एवढंच सांगा : आधी बसा, तिरके बसा, कुत्र्याकडे बघू नका, बोलावू नका. आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाळावी लागते, जी परदेशी पुस्तकांत सहसा नसते. आपल्या गल्लीतल्या, गावातल्या कुत्र्यांनी माणूस वाकला की दगड येतो हे अनुभवलेलं असतं. पाहुणा प्रेमाने वाकतो, चप्पल काढायला वाकतो, कुत्र्याला मात्र दगडच दिसतो. म्हणून पाहुण्याने चप्पल बाहेरच काढून यावी, कुत्रं खोलीत येण्याआधीच बसून घ्यावं आणि उठताना सावकाश उठावं. पाहुण्याने हातातून खाऊ भरवणंही सुरुवातीला नको. खाऊच्या ओढीने भित्रं कुत्रं जवळ जातं, तुकडा संपतो, आणि एकदम लक्षात येतं की आपण परक्याच्या पुढ्यात उभे आहोत. तिथेच चावा बसतो. पाहुण्याने तुकडा कुत्र्याच्या मागच्या बाजूला टाकावा. कुत्रं तो घ्यायला दूर जातं, खातं, आणि पुढच्या वेळी किती जवळ यायचं हे स्वतः ठरवतं. पुढे कधी त्याने आपणहून अंग टेकवलं तर छातीपाशी दोन-तीन क्षण खाजवून हात काढून घ्यावा. ते पुन्हा सरकून आलं तर पुन्हा. डोक्यावरून हात नको.

गुरगुरलं म्हणून मारू नका. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली सूचना आहे. ती मारून बंद केलीत तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी सूचनेशिवाय दात लागतात. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर लाडावतं हेही खरं नाही. ते तुमच्याकडे आसरा मागत असेल तर द्या. साखळीला आखूड बांधलेल्या कुत्र्याजवळ तर परक्याला जाऊच देऊ नका, कारण त्याची पळायची वाट तुम्ही बंद केलेली असते. कारवान पाळणाऱ्यांनी पट्ट्याकडे विशेष लक्ष द्यावं. या कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं. घाबरून मागे हटताना साधा पट्टा अलगद निसटतो आणि वाऱ्यासारखं पळणारं कुत्रं दिसेनासं होतं. रुंद, ओढला की आवळणारा पण गळा न दाबणारा पट्टा घ्या, जोडीला अंगपट्टा.

काही दिवस सरावाचे नसतातच. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरकडे जाताना परभणी, गंगाखेडवरून जाते. त्या दिवशी रस्त्यालगतच्या घरातल्या बुजऱ्या कुत्र्याला आतल्या खोलीत, पंख्याच्या आवाजात, चघळायला काहीतरी देऊन ठेवावं. लग्नघर, उरूस, यात्रा इथेही तेच. आणि माळेगावच्या प्रदर्शनात न्यायचंच असेल, तर आधी काही महिने बाजूच्या आठवडी बाजाराच्या कडेकडेने सराव झालेला असावा.

आधी बिनधास्त असलेलं कुत्रं अचानक माणसांना टाळू लागलं तर सरावाआधी तपासणी करा. कानातली जखम, सांध्याचं दुखणं, गोचीडताप, अधू होत चाललेली नजर, काहीही असू शकतं. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आज ते महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे, आणि तिथल्या चिकित्सालयात कुत्री तपासली जातात. दवाखान्यात गर्दी असेल तर आपला नंबर येईपर्यंत कुत्र्याला बाहेर झाडाखाली घेऊन थांबा. जाळीच्या तोंडबंदाची सवय घरीच, त्यात खाऊ ठेवून, आधीपासून लावा. भीती फारच खोल असेल तर सरावाच्या जोडीला औषधं देता येतात. फ्लुओक्सेटिनसारखं औषध परिणाम दाखवायला काही आठवडे घेतं आणि ते पशुवैद्यानेच ठरवायचं असतं. घरातल्या माणसांच्या गोळ्या कधीही देऊ नका. नुसती गुंगी आणणाऱ्या औषधाने अंग ढिलं पडतं, भीती आत जागीच राहते.

आणि कुणाला दात लागलाच, तर तिखट, हळद, चुना काही न लावता वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. कुत्रं घरचं आहे, लस झालेली आहे, म्हणून थांबू नका.

पुढच्या आठवड्यात फटाके, ढग आणि बँडबाजा यांच्या आवाजाच्या भीतीबद्दल.