पळून दमलात, तरी झोप का येत नाही?

पोलीस भरतीचे दिवस जवळ आले की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार येते. विशीतला काटक मुलगा, सोबत बहुधा आई. "डॉक्टरसाहेब, आंग पार मोडून जाते, पन राती डोयाले डोया लागत नाई." चौकशी केली की दिनक्रम कळतो. दिवसभर शेतात किंवा दुकानात काम, संध्याकाळी अभ्यासिका आणि रात्री नऊला रस्त्यावर जीव तोडून पळणे. अकराला अंथरुणावर पडायचे, दोनपर्यंत कूस बदलायची आणि पाचला पुन्हा मैदान गाठायचे. "एवढं दमल्यावर झोप यायला नको का?" हा आईचा प्रश्न रास्तच आहे.

वाचकहो, दमणे वेगळे आणि शरीर झोपेला तयार होणे वेगळे.

असे का होते?

रात्र होते तसे आपल्या शरीराचे आतले तापमान हळूहळू उतरते आणि त्याबरोबर झोप येते. जोराने पळाल्यावर ते उलट चढते. त्याच वेळी अॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके रक्तात वाढतात, नाडी वेगाने चालते. स्नायू थकलेले असतात, पण मेंदू मात्र सावध असतो. हा जोर ओसरायला वेळ लागतो. घामावाटे गेलेले पाणी भरून काढले नाही तर नाडी आणखी उशिरा उतरते. घाटाखालच्या भागात उन्हाळ्याच्या रात्रीही तापलेल्या असतात, तेथे हा त्रास अधिक जाणवतो.

म्हणून संध्याकाळचा व्यायामच वाईट, असे मात्र नाही. झुरिच येथील संशोधकांनी २३ अभ्यास एकत्र तपासून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. संध्याकाळच्या व्यायामाने निरोगी माणसाची झोप सहसा बिघडत नाही. जोराचा व्यायाम झोपण्याच्या तासभर आधीपर्यंत चालला तर मात्र बिघडू शकते, असे त्यांना आढळले. तेव्हा व्यायाम सोडू नका, त्याची वेळ बदला.

काय करावे?

१) १६०० मीटर किंवा ८०० मीटरचा वेळ लावून केलेला सराव सकाळी करा. संध्याकाळीच करावा लागत असेल तर झोपेच्या दोन-तीन तास आधी संपवा.

२) पळणे एकदम थांबवू नका. दहा-पंधरा मिनिटे चाला, मग हातपाय ताणा.

३) थोडे थोडे पाणी प्या. घाम फार गेला असेल तर लिंबू, मीठ, साखर घातलेले सरबत घ्या. उपाशी झोपू नका. वरण-भात, खिचडी किंवा भाकरी आणि दूध पुरे.

४) दुपारी चारनंतर चहा-कॉफी टाळा. त्यातील कॅफिन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात. ताकदीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही भुकट्यांतही ते भरपूर असते.

५) कोमट पाण्याने अंघोळ करा आणि मोबाईल दूर ठेवा.

६) जोराचा सराव आठवड्यात दोन-तीन दिवसच, तोही एक दिवसाआड करा. व्यायाम अर्ध्या बळाने करावा, असे सुश्रुतसंहितेतही सांगितले आहे.

केव्हा सावध व्हावे?

सकाळी उठण्यापूर्वी अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजा. ती काही दिवस नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त येत असेल, झोप उडाली असेल, चिडचिड वाढली असेल आणि सराव करूनही वेळ घटण्याऐवजी वाढत असेल, तर शरीर विश्रांती मागत आहे. चार-पाच दिवस हलकेच चाला. तरीही झोप सुधारली नाही तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणे, चक्कर किंवा लघवी काळपट होणे ही लक्षणे दिसली तर मात्र एक दिवसही थांबू नका. मित्राने दिलेली झोपेची गोळी कधीच घेऊ नका.

आणि चाचणीच्या आदल्या रात्री झोप आली नाही तर घाबरू नका. एका रात्रीच्या जागरणाने महिन्यांचा सराव वाया जात नाही. त्याआधीचा आठवडा मात्र रोज सात-आठ तास झोपा. गाढ झोपेतच स्नायूंची झीज भरून निघते. घरच्यांनीही पोराला पहाटे उठवण्याइतकीच रात्री वेळेवर झोपवण्याची काळजी घ्यावी.