स्विच मोड रोहित्राचे पुनर्वेष्टन

स्विच मोड पॉवर सप्लायमधील बिघडलेल्या रोहित्राच्या जुन्या गुंडाळ्या काढून त्याच गाभ्यावर नव्या गुंडाळ्या घालण्याच्या क्रियेस पुनर्वेष्टन किंवा बोलीभाषेत रिवाइंडिंग असे म्हणतात. दूरचित्रवाणी संच, संगणक, चार्जर, वेल्डिंग यंत्र इत्यादींमध्ये अशी रोहित्रे असतात. या लेखात कमी शक्तीच्या उपकरणांत सर्वाधिक आढळणाऱ्या फ्लायबॅक प्रकाराचा विचार केला आहे.

वैशिष्ट्ये

शेतीपंपाची मोटार वा साधे रोहित्र ५० हर्ट्झ वारंवारतेवर चालते. तेथे वेढ्यांची संख्या व तारेची जाडी जुळली की काम बहुतेक साधते. स्विच मोड रोहित्र मात्र साधारणपणे ५० ते १५० किलोहर्ट्झवर चालते आणि त्याचा गाभा पोलादी पत्र्यांऐवजी फेराइटचा असतो. मॉसफेट चालू असताना फ्लायबॅक रोहित्र ऊर्जा साठवते व तो बंद होताच ती दुय्यम गुंडाळीकडे सोडते. ही ऊर्जा मुख्यतः गाभ्याच्या मधल्या पायात घासून ठेवलेल्या बारीक हवेच्या फटीत साठते. ही फट चुकून बुजली तर गाभा लवकर संपृक्त होतो, प्रवाह एकदम वाढतो आणि मॉसफेट जळतो. म्हणून मोटार रिवाइंडिंगचा अनुभव येथे जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

बिघाडाचे निदान

रोहित्र खरोखर बिघडणे तुलनेने दुर्मीळ आहे. मॉसफेट, दुय्यम बाजूचे डायोड, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर व सुरुवातीचा पुरवठा देणारे रोधक हे त्याच्या आधी तपासावे लागतात. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर मुख्य कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ टिकू शकतात. त्यामुळे कपॅसिटर रोधकातून रिकामा केल्याशिवाय मंडलास हात लावू नये.

एकच वेढा आतल्या आत शॉर्ट झाला तरी रोहित्र निकामी होते, परंतु मल्टिमीटरवर गुंडाळीचा रोध जवळजवळ पूर्वीसारखाच दिसतो. प्रवर्तकता मोजल्यास ती बरीच घटलेली आढळते. गुंडाळीला स्पंद देऊन तिची कंपने पाहण्याची ‘रिंग’ चाचणीही केली जाते. शॉर्ट वेढा असल्यास कंपने लगेच विरतात. शॉर्ट झालेला दुय्यम डायोडही हाच परिणाम दाखवतो, म्हणून रोहित्र मंडलातून काढूनच तपासावे.

गाभा उघडणे व नोंदी

गाभ्याचे दोन भाग व्हार्निश किंवा एपॉक्सीने चिकटवलेले असतात. फेराइट काचेसारखे ठिसूळ असल्याने जोर न लावता गरम हवेने किंवा उकळत्या पाण्यात ठेवून चिकटपणा सैल करतात. तापवणे व थंड करणे हळूहळू व्हावे. तुकडा पडलाच, तर तो चिकटवल्याने सांध्यात नवी फट तयार होते, हे लक्षात ठेवावे. अशा वेळी त्याच मापाचा व तितक्याच फटीचा दुसरा गाभा शोधणे अधिक चांगले.

प्रत्येक थर उलगडताना वेढ्यांची संख्या, दिशा, सुरुवातीची व शेवटची पिन, तारेचा व्यास आणि टेपचे थर लिहून ठेवावे लागतात. दुय्यम बाजूचे १० वेढे १२ व्होल्ट देत असतील व डायोडवर ०.७ व्होल्ट पडत असतील, तर दर वेढ्यामागे १.२७ व्होल्ट येतात. इतर गुंडाळ्यांची मोजणी यावरून पडताळता येते. प्रवर्तकता मात्र वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

नवी गुंडाळी

१०० किलोहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ०.२ मिलिमीटर खोलीपर्यंतच प्रभावीपणे वाहतो. म्हणून एका जाड तारेऐवजी अनेक बारीक इनॅमल तारा एकत्र घेतात. अनेक रोहित्रांत प्राथमिक गुंडाळीचा अर्धा भाग आत, त्यावर दुय्यम आणि उरलेली प्राथमिक बाहेर अशी रचना असते. सोयीसाठी सगळी प्राथमिक एकत्र गुंडाळल्यास वेढे तेवढेच राहूनही गळती प्रवर्तकता वाढते व मॉसफेटवर जास्त व्होल्टेजचे झटके येतात. तांब्याच्या पत्र्याचे कवच असल्यास त्याची टोके एकमेकांना टेकू देऊ नयेत, अन्यथा ते कवचच एक शॉर्ट वेढा बनते.

विद्युतरोधन

प्राथमिक व दुय्यम यांमधील रोधन हा सर्वांत महत्त्वाचा भाग असून हौशी दुरुस्तीत त्याचीच सर्वाधिक हेळसांड होते. उपकरण व्यवस्थित चालते, पण चार्जरची पिन हाती धरणारा व घरातील विद्युतपुरवठा यांच्यामध्ये फक्त इनॅमलचा थर उरतो. इनॅमलला सुरक्षा रोधन मानले जात नाही. येथे पॉलिएस्टर टेपचे साधारणतः तीन थर देतात आणि बॉबिनच्या कडांना मोकळी पट्टी सोडतात, किंवा दुय्यम बाजूस तिहेरी रोधनाची तार वापरतात. कडेची तार निसटून खालच्या थरात उतरणे हा नेहमीचा दोष आहे. आयईसी ६०९५०-१ या जुन्या मानकानुसार व त्यावर आधारित भारतीय मानक आयएस १३२५२ (भाग १) नुसार २३० व्होल्टच्या उपकरणात दृढीकृत रोधनाला एक मिनिट ३००० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाची चाचणी सोसावी लागत असे. अशी चाचणी करण्याची सोय नसल्यास पुनर्वेष्टित रोहित्र स्पर्शयोग्य भाग असलेल्या उपकरणात बसवू नये.

जोडणी व चाचणी

गाभा मूळ फटीसह बसवून प्रवर्तकता पुन्हा मोजतात, नंतर व्हार्निश देऊन वाळवतात. पहिल्यांदा पुरवठा देताना ६० वॉटचा तंतूदिवा मालिकेत जोडतात. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर मोठा दोष नसल्याचे दिसते. तो प्रखर जळत राहिल्यास पुरवठा लगेच बंद करावा.